जोते आणि कुर्सी

मराठीत आपण ज्याला घराचे जोते म्हणतो त्याला आमच्या ग्वाल्हेरकडे ‘कुर्सी’ म्हणतात. ‘कुर्सी ऊँची रखो’ असे गवंड्याला सांगितले की तो बसायची खुर्ची शोधत नाही, चार थर विटा जास्त लावतो. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला एकाच वस्तूची दोन नावे जिभेवर बाळगण्याची सवय असते. निपाणी-बेळगावकडच्या वाचकांना हे मी वेगळे सांगायला नको. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. तेव्हापासून आमच्यासारखी घरे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत आली. मी महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो. शिंदेशाहीच्या लढाया आणि तह शिकवण्यात माझी वर्षे गेली. परंतु जोते नावाच्या साध्या गोष्टीलाही इतिहास असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले, तेही हातात फावडे आल्यामुळे.

निमित्त झाले २०२१ च्या ऑगस्टातील सिंध नदीच्या पुराचे. त्या पुरात पडलेली घरे सावरण्यासाठी आमच्या लष्करातली दहा-बारा मंडळी सप्टेंबरात भितरवारच्या बाजूला गेली, त्यांत मीही होतो. तिथे जे पाहिले आणि त्यावरून जे मागचे आठवले, ते या लेखात मांडतो आहे.

भवभूतीची नदी

ही सिंध म्हणजे पंजाबातली सिंधू नव्हे. ही विदिशा जिल्ह्यात माळव्याच्या पठारावर उगम पावते, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, दतिया, भिंड अशा जिल्ह्यांतून उत्तरेकडे जाते आणि चंबळ जिथे यमुनेला मिळते त्याच्या जवळच यमुनेत विसर्जित होते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात कलिंगडे, काकड्या पिकतात. त्या दिवसांत तिला पाहणाऱ्याला तिच्या पावसाळी रूपाची कल्पना येत नाही.

मराठी माणसाचा या नदीशी संबंध शिंद्यांच्याही आधीचा आहे. भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याने आपल्या ‘मालतीमाधव’ नाटकाची कथा मात्र पद्मावती नगरीत घडवली आणि तिथल्या सिंधू, पारा, लवणा, मधुमती या नद्यांची नावे नाटकात घातली. ही पद्मावती कोणती, याचा शोध बराच काळ चालला होता. कनिंगहॅमसाहेबांनी नरवर हीच पद्मावती असे अनुमान केले होते. पुढे ग्वाल्हेर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी सिंध आणि पार्वती यांच्या संगमावरचे पवाया हे खेडे म्हणजेच पद्मावती, हे नद्यांच्या खुणांवरून आणि सापडलेल्या अवशेषांवरून सिद्ध केले. मणिभद्र यक्षाची शिवनंदी राजाच्या काळातली मूर्ती तिथलीच. ती आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात आहे. नाग राजांची नाणी तर तिथे शेतांतून सापडत आली आहेत.

गर्द्यांनी पवायाला विटांचे एक भव्य बांधकाम उकरून काढले. एकावर एक चढत जाणारे तीन चौथरे, आणि त्यांच्या वर देऊळ. ही उंची पुरासाठी बांधली होती असे म्हणण्याला आधार नाही, देवाला उंच बसवण्याची ती रीत होती. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या नगरीतले लहान घर कुठे गेले याचा मागमूस नाही आणि उंच चौथऱ्याची वीट मात्र जागेवर उभी आहे, एवढे तिथे गेलेल्या कुणालाही दिसते. नदीकाठी काय टिकते आणि काय वाहून जाते, याचा हा पहिला धडा समजावा.

तिघरा आणि खडकवासला

दुसरा धडा संस्थानी काळातला. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘तिघरा फुटला त्या साली’ असे शब्द सनावळीसारखे येत. ग्वाल्हेर शहराला पाणी मिळावे म्हणून माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत सांक नदीवर तिघऱ्याचे धरण बांधले गेले. चुन्यातले दगडी बांधकाम, उंची सुमारे चोवीस मीटर, लांबी एक हजार तीनशे मीटरच्या वर. ते पुरे होते न होते तोच १९१७ च्या ऑगस्टात पुराचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले. पायाखालच्या वाळूच्या दगडातही पाणी शिरले होते. भिंतीचे मोठे तुकडे जागचे सरकले आणि सारे पाणी खालच्या गावांवर गेले. माणसे मेली, गुरे मेली, घरे तर गेलीच. १९२९ साली धरण पुन्हा उभे झाले आणि आजही ग्वाल्हेरच्या नळांना त्याचेच पाणी येते.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडझाप करणारे दरवाजे योजले. ते १९०३ साली प्रथम पुण्याच्या खडकवासल्याला बसले आणि मग तिघऱ्यालाही त्याच धर्तीचे दरवाजे आले. दोन गावांची धरणे अशी भावंडे झाली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्याचे नदीकाठचे वाडे बसले. आमच्या नात्यातले एक बिऱ्हाड तेव्हा शनिवारात होते. त्यांच्या घरी भिंतीवरची पाण्याची रेघ कित्येक वर्षे कुणी पुसली नव्हती. पुण्यात तेव्हा पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हट उभ्या राहिल्या, गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. म्हणजे पुण्याला पूर येऊन गेल्यावर एक नवे पुणे झाले.

खेड्याचे तसे होत नाही. तिघरा फुटल्यावर खालच्या गावांत घरे कुणी उभारली, कशी उभारली, याची कथा सांगणारे आमच्याकडे कुणी उरले नाही. धरणाची लांबी-रुंदी नोंदली जाते, घराची नोंद राहत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ही गोष्ट टोचली पाहिजे.

रतनगडचा पूल

आता सिंधेकडे वळू. शिवपुरी जिल्ह्यात नरवरजवळ मडीखेड्याला सिंधेवर मोठे धरण झाले. त्याच्या खाली दतिया जिल्ह्यात, घनदाट रानात, रतनगडच्या मातेचे स्थान आहे. नवरात्रात आणि दिवाळीनंतरच्या भाऊबीजेला तिथे लाखांनी माणूस लोटतो. सापाने डसलेल्याला मातेच्या नावाने बांधलेला ‘बंध’ इथे येऊन सोडवायचा, अशी या भागाची श्रद्धा.

या एका ठिकाणी पंधरा वर्षांत काय घडले ते पाहावे. २००६ च्या ऑक्टोबरात, नवरात्राच्या दिवसांत, भाविक पायी नदी ओलांडत असताना वरच्या धरणातून सोडलेले पाणी आले आणि पन्नासच्या आसपास माणसे वाहून गेली. त्यानंतर पूल झाला. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच पुलावर, पूल पडतो आहे अशी आवई उठून चेंगराचेंगरी झाली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पूल तेव्हा पडला नव्हता. तो पडला २०२१ च्या ऑगस्टात, मडीखेड्याचे दरवाजे उघडल्यावर आलेल्या पुरात. त्या दोन-तीन दिवसांत दतिया जिल्ह्यातले सिंधेवरचे इतरही पूल गेले, सेवढ्याचाही गेला. पुलाची पाटी वाहत जातानाचे चित्र देशभर लोकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले.

पडद्यावर पूल दिसला, घरे दिसली नाहीत. शिवपुरी, श्योपूर, दतिया, ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गावांना त्या पुराचा फटका बसला. लष्कराचे जवान आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे माणसांना छपरांवरून, झाडांवरून उचलत होती. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, जुलैच्या अखेरीस, कोल्हापूर-निपाणीकडे पूर येऊन गेला होता. माझी धाकटी बहीण निपाणीजवळ दिली आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी हमरस्त्यावर आले तेव्हा तिच्या सासरच्या माणसांनी दोन्ही वेळा जनावरे माळावर नेली. ऑगस्टात मी तिला फोन केला तर ती म्हणाली, “दादा, आता तुमच्याकडे आलं होय? पाणी उतरलं की भिंतीला हात लावायला घाई करू नका. आमच्याकडची निम्मी घरं पाणी ओसरल्यावर पडली.”

भिंत पाण्यात पडत नाही

तिचे म्हणणे किती खरे होते ते तिथे गेल्यावर पटले. मातीची भिंत पाण्यात उभी असताना दोन्ही अंगांनी पाण्याचाच आधार असतो. पाणी उतरले की आतून भिजून जड झालेली भिंत आपल्याच वजनाने पायाशी फुगते आणि बसते. वर ऊन पडले की वरचा भाग आक्रसतो, खालचा ओलाच राहतो, आणि मध्ये चीर जाते. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या विटांचे तसेच. सांध्यांतला गारा धुऊन जातो, भिंत दिसायला उभी असते, पण हात लावला तर वीट दातासारखी हलते.

आमच्या भागात याला आणखी एक धोका जोडलेला आहे. ग्वाल्हेरच्या टेकड्यांत वाळूचा दगड मुबलक. त्याच्या लांब फरश्या निघतात, त्यांना ‘पटिया’ म्हणतात. खेड्यातल्या घरावर कौले किंवा गवत नसेल तर या पटिया घालतात आणि अशा घराला ‘पाटौर’ म्हणतात. उन्हात गार, पावसात घट्ट, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे छप्पर. पण एकेक पटिया उचलायला चार-सहा माणसे लागतात. खालची भिंत खचली की हे छप्पर घरातल्या माणसावर येते. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हते, ओझे उतरवण्याचे होते. लाकडी बल्ल्यांचे टेकू द्यायचे, दोर बांधून एकेक पटिया खाली घ्यायची आणि अंगणात उभी करून ठेवायची. आमच्याबरोबर लष्करातले दोन गवंडी होते, महाविद्यालयातली पंधरा मुले होती. करोनाचे सावट पूर्ण गेलेले नव्हते, तोंडाला फडके बांधूनच सारे वावरत. मुलांच्या हातांत जोर होता आणि गवंड्यांच्या डोळ्यांत अंदाज. माझ्यासारख्यांच्या वाट्याला घमेली भरणे आणि मोजमाप लिहिणे आले.

गावाचे नाव देत नाही, कारण तिथल्या माणसांचे खासगी व्यवहार या लेखात येतात. नदीपासून अर्ध्या कोसावर, चारेकशे वस्तीचे गाव. कडुनिंबाच्या फांद्यांत माणसाच्या डोक्यापेक्षा उंच काडीकचरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या, तीच पुराची रेघ. घराघरात गुडघाभर गाळ. तो ओला असेपर्यंत फावड्याने निघतो, वाळला की टिकाव लागतो. धान्य ठेवायच्या मातीच्या ‘कुठिया’, म्हणजे आपल्या कणग्या म्हणा, विरघळून गेल्या होत्या आणि आतला गहू कोंब फुटून आंबला होता. तो वास पहिले चार दिवस जेवणात येत होता. खाटांवर कागद वाळत घातलेले: आधारकार्डे, शाळेचे दाखले, जमिनीच्या पुस्तिका. शाई पसरलेल्या त्या पुस्तिका पाहून मला दफ्तरखान्यातले मोडीचे रुमाल आठवले. तिथे आम्ही दोनशे वर्षांपूर्वीचा कागद जपतो, इथे गेल्या वर्षीचा कागद जपायला माणसाकडे कोरडा कोनाडा नव्हता.

एक भिंत उभी आहे

कामाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्यासमोर एक पेच आला. गावाच्या खालच्या अंगाला एका वृद्ध विधवेचे घर होते. मुलगा गुजरातेत कापडाच्या कारखान्यात, सून माहेरी. चारांपैकी तीन भिंती बसलेल्या, चौथी झुकलेली. मुले उत्साहाने ढिगारा उपसायला गेली तर ती दारातच खाट टाकून बसली. “भैया, हाथ मत लगइयो,” एवढेच म्हणाली.

मुलांना तिचा राग आला. इतक्या लांबून मदतीला आलो आणि ही हात लावू देत नाही! पण तिचे गणित पक्के होते. मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीची मदत महसूल पुस्तक परिपत्रकातल्या सहा-चार या कलमाने मिळते. खेड्यातल्या निरक्षर माणसालाही ‘छह-चार’ हा शब्द पाठ असतो. त्या वेळच्या केंद्रीय निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला पंच्याण्णव हजार शंभर रुपये होते, आणि अंशतः पडलेल्या कच्च्या घराला तीन हजार दोनशे. पटवारी येऊन पंचनामा करणार तेव्हा ढिगारा ढिगारा दिसला पाहिजे. आम्ही भिंत सावरली, अंगण झाडले, की घर ‘अंशतः’ ठरण्याचा धोका. एका भिंतीच्या उभे राहण्या-पडण्यावर ब्याण्णव हजारांचा फरक होता. तिला आमची सेवा फार महाग पडली असती.

त्या रात्री शाळेच्या ओट्यावर आमची बरीच चर्चा झाली. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे की झुकलेली भिंत आपणच पाडून टाकावी, म्हणजे प्रश्नच मिटला. त्याला मी म्हटले, “बाळ, ती पडायची असेल तर पडेल, पण पंचनाम्याआधी आपण पाडली तर ती खोटी साक्ष होईल. आणि उद्या ते उघड झाले तर आपण गावी परत गेलेले असू, उत्तर तिला द्यावे लागेल.” शेवटी ठरले ते असे. प्रत्येक घराची मोजमापे घ्यायची, चारी बाजूंनी छायाचित्रे काढायची, त्यांच्यावर तारीख घालायची, घरमालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि त्याची एक प्रत त्याच्याकडे ठेवायची. जीव धोक्यात असेल तिथे फक्त टेकू. पंचनामा झालेल्या घरांना आधी हात लावायचा. त्या बाईंच्या झुकत्या भिंतीला आम्ही दोन बल्ल्या लावल्या आणि त्या बल्ल्याही छायाचित्रात दिसतील अशा ठेवल्या. बाईंची झोपण्याची सोय शाळेत केली. पंचनामा नवव्या दिवशी झाला. घर पूर्ण पडलेले म्हणून नोंदले गेले. त्यानंतर बाईंनी स्वतः पहिले घमेले उचलले.

सेवेला गेलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. घर दुरुस्त करणे म्हणजे भिंत उभी करणे एवढेच नसते. त्या घरावरचा त्याच्या धन्याचा हक्क शाबूत ठेवून भिंत उभी करावी लागते.

आधीचे स्वयंसेवक

परक्याच्या पडक्या घराला हात लावायला दुरून माणसे जातात, या प्रथेलाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पियेर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याने फ्रान्समध्ये वर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरे बांधायला स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. ज्यांनी काल तोफा डागल्या त्यांच्या देशबांधवांनी आज भिंती रचाव्यात, ही कल्पना. पण गावकऱ्यांच्या जखमा ओल्या होत्या आणि काही महिन्यांतच त्या गटाला तिथून निघावे लागले. पुढे १९२७ मध्ये ऱ्हाईनचा बांध फुटून लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात पूर शिरला, तेव्हा १९२८ साली सातशेच्या वर स्वयंसेवक अनेक देशांतून आले आणि त्यांनी शेतांवरचा दगडगोटा, गाळ उपसला.

हाच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हिंदुस्थानात आला. मुजफ्फरपूरकडे भूकंपाने जमिनीची पातळीच बिघडली होती, जुनी गावठाणे पुराच्या तोंडी आली होती. राजेंद्रबाबूंच्या पुढाकाराने तिथे मदतकार्य चालले होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे हिशेब पाहत होते. सेरेसोल आणि त्याचे युरोपीय सोबती बिहारी मजुरांबरोबर उंच जागी नवी गावे वसवण्याच्या कामात राबले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही प्रश्न हाच होता: होते तिथेच बांधायचे की उंचावर जायचे?

आपल्या सीमाभागाला याचे जवळचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावे नव्या जागी गेली. आखीव रस्ते, मोकळी जागा, एकसारखी घरे. पण वाड्यात वाढलेल्या माणसाला ओळीने उभी घरे बराच काळ परकी वाटली. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र कमी बोलला गेला. तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुती झाली. तिथे घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने मदत दिली जाई, काम त्याने करून घ्यायचे, आणि गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून लोकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगत. नव्या गावांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. दुरुस्त भिंतीचे छायाचित्र काय काढणार? पण माझ्या मते खेड्याला शहाणपण त्या भिंतीत जास्त आहे.

कुर्सी किती उंच?

आमच्या गावात तीन भावांचे एक घर होते. मधल्या भावाचा आग्रह, भिंतींना सिमेंटचा गिलावा करून द्या. सिमेंट म्हणजे पक्के, सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा. आमच्या गवंड्याने त्याला आत नेऊन भिंतीला तळहात टेकवायला लावला. भिंत अजून आतून ओली होती. “इसका पसीना बाहर नहीं आएगा, लाला, भीतर ही सड़ेगा,” तो म्हणाला. मातीच्या भिंतीला श्वास घ्यायला हवा असतो. वरून सिमेंटचा पापुद्रा बसवला की ओल आत कोंडते, वर्षभरात गिलावा फुगतो आणि खवले निघावेत तसा निघतो. मग भुसा आणि शेण घालून चार दिवस कुजवलेल्या मातीचाच गिलावा झाला. सिमेंट वापरले ते खाली, जोत्यात, दगडांच्या सांध्यांना.

जोत्याच्या उंचीवर मात्र सारे गाव बोलत होते. जुनी माणसे म्हणत, आमच्या बापजाद्यांची कुर्सी कमरेएवढी असायची. वाटण्या झाल्या, घरे लहान झाली, दारात मोटारसायकल चढली पाहिजे म्हणून कुर्सी बसत गेली. कमरेएवढी कुर्सी या पुराला पुरली नसती हे खरे. पण दरवर्षी ओढ्याचे पाणी दारात येते, त्याला ती पुरते. आणि खालचा दोन हात भाग दगडाचा असला तर पाणी येऊन गेल्यावर निदान भिंतीचा पाय सुटत नाही. आम्ही गेलो तेवढ्या दिवसांत अकरा घरांची जोती दगडात उचलून झाली. आणखी सात घरांचे ओझे उतरवून, गाळ काढून, भिंती वाळत सोडल्या. त्यांचे पुढचे काम मालकांनी दसऱ्यानंतर स्वतः केले. हा आकडा लहान आहे. हजार गावांच्या दुःखापुढे तो सांगायलाही संकोच वाटावा इतका. पण सांगितला नाही तर तिघऱ्याखालच्या घरांसारखीच यांचीही कथा उरणार नाही.

होते तिथेच राहायचे की वर टेकाडावर जायचे, यावर गावाचे एकमत झाले नाही. टेकाडावर पाणी नाही, नदीकाठची शेते लांब पडतात, आणि गायरानाची जागा नावावर व्हायला किती वर्षे लागतील कोण जाणे. तरण्या मुलांच्या काही बिऱ्हाडांनी वर जाण्याचे ठरवले, म्हातारे खालीच राहिले. त्या विधवा बाईंना मी विचारले, तुम्ही कुठे जाणार? त्या म्हणाल्या, “कुर्सी ऊँची करा दो, बाक़ी हम देख लेंगे.” मला तो हट्ट वाटला नाही. नदी येणार हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आल्यावर भिंतीने किती वेळ द्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कागद आणि शेळी घेऊन शाळेच्या ओट्यापर्यंत जायला लागतो तेवढा वेळ.

म्हणून दुभाषी, नदीकाठच्या जिल्ह्यांतल्या वाचकांना माझे एक मागणे आहे. २००५, २०१९, २०२१ या सालांच्या रेघा आपल्या भिंतींवर आहेत. घर रंगवताना त्या पुसू नयेत. रेघेशेजारी साल लिहावे. घराचे जोते कुणी बांधले, कोणत्या दगडाचे, पाणी आले तेव्हा कुठवर टिकले, हे वहीत लिहून ठेवावे, मग ती वही मराठीत असो की कानडीत. पुढचा पूर आला की मदतीला येणारी मुले कदाचित आपली भाषा जाणणारी नसतील. त्यांना ती रेघ वाचता येईल. माझ्या बहिणीने तिच्या सोप्यातल्या खांबावर अशी तीन साले खिळ्याने कोरून घेतली आहेत. त्यांतल्या सर्वांत वरच्या रेघेच्या वर एक हात अंतर सोडून तिने फळी ठोकली आहे, आणि जमिनीचे कागद त्या फळीवर ठेवले आहेत.